डायव्हर घड्याळ सकाळी सैल, दुपारी घट्ट: गोव्याच्या हवेत ते मनगटावर बसवायचं कसं

तक्रार बहुधा अशी असते. सकाळी साडेसातला स्टीलच्या चेनचं डायव्हर घड्याळ (पाण्याखाली डायव्हिंगसाठी बनवलेलं जाड घड्याळ) हातात घातलं की ते मनगटाच्या हाडावरून पंजाकडे घसरतं. अकराच्या सुमारास नीट बसतं. तीन वाजेपर्यंत कड्यांचे वण कातडीवर उमटतात आणि घड्याळ निघून टेबलावर येतं. एक कडी काढली तर दुपार सोसवत नाही, एक वाढवली तर सकाळ सोसवत नाही. दोन-तीनदा दुकानात जाऊन आल्यावर "घड्याळच मोठं आहे" असं ठरतं आणि ते विकायला निघतं.

विकण्याआधी थांबा. अशा तक्रारींत घड्याळाचा व्यास क्वचितच दोषी असतो. दोष असतो तो चेन कमी-जास्त करण्याच्या टप्प्यात, आणि तो घरी बसून दुरुस्त करता येतो.

मनगट दिवसभर एकसारखं राहत नाही

उकाड्यात शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करतं, त्यामुळे हाताला थोडी सूज येते. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि शरीर थंड होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दर्याची दमट हवा घाम सुकू देत नाही, म्हणून सूजही लवकर उतरत नाही. त्यात जेवणात खारं किंवा सुकी मासळी असेल, तर मिठामुळे शरीरात पाणी साठतं. बराच वेळ हात खाली सोडून चालल्यानेही मनगट भरतं. मग एसीच्या खोलीत तासभर बसलात की ते पुन्हा आक्रसतं. म्हापशाहून पणजीला स्कूटरने यायचं, दिवसभर एसीत बसायचं आणि संध्याकाळी पुन्हा उन्हातून परतायचं, एवढ्यात मनगटाचा घेर अनेकदा कमी-जास्त होतो. स्टीलची चेन मात्र तेवढीच राहते.

म्हणून आधी मोजा. शिंप्याची टेप घ्या, नाहीतर कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा आणि ती फुटपट्टीवर मोजा. मोजायची जागा म्हणजे मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर येतं, त्याच्या लगेच मागे, कोपराच्या दिशेला. घड्याळ तिथेच बसायला हवं. हाडावर किंवा हाडापुढे बसलं तर कोणतीही चेन त्रास देणार. तीन मापं घ्या: उठल्यावर, दुपारी तीनच्या सुमारास, आणि उन्हातून गाडी चालवून आल्यावर लगेच. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या मापातला फरक लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित या फरकावर चालतं.

कड्यांचं आणि भोकांचं गणित

साध्या लॉकच्या कडेला तीन-चार बारीक भोकं असतात. चेनचं टोक ज्या स्प्रिंग बारने (टोकं आत दाबली जाणाऱ्या बारीक दांडीने) लॉकला जोडलेलं असतं, तो या भोकांतून पुढे-मागे सरकवता येतो. दोन भोकांमधलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर असतं, आणि पूर्ण एक कडी साधारण आठ. तुमच्या चेनचं माप पट्टीने घ्याच, कारण यात बराच फरक असतो.

समजा तुमचा फरक पाच मिलिमीटर आहे. दुकानदार कड्या काढून चेन बसवतो, पण भोकांना बहुधा हात लावत नाही. स्प्रिंग बार कारखान्यातून आला त्याच भोकात राहतो, आणि ग्राहक म्हणतो "एक कडी कमी केली तर घट्ट, ठेवली तर सैल". यावर उपाय असा: एक कडी काढा, म्हणजे आठ मिलिमीटर कमी झाले. मग स्प्रिंग बार दोन भोकं बाहेर सरकवा, म्हणजे पाच परत मिळाले. चेन प्रत्यक्षात तीनच मिलिमीटरने लहान झाली. कडी आणि भोकं अशी एकत्र धरली की जवळपास कुठल्याही मापाला पोचता येतं.

बसवण्याची वेळ महत्त्वाची आहे. गोव्यात चेन दुपारी, हात गरम असताना बसवून घ्यावी. सकाळच्या वेळी एसी दुकानात बसवलेली चेन दुपारी चावणारच. बरोबर बसली का, हे असं पाहा: गरम हाताच्या वेळी लॉकखाली करंगळी थोड्या प्रयत्नाने आत गेली पाहिजे, आणि हात खाली सोडून हलवला तर घड्याळ हाडावर चढता कामा नये. घड्याळ काढल्यावर वण पाच-दहा मिनिटांत पुसट व्हायला हवेत. अर्ध्या तासानंतरही ते ठळक असतील, तर चेन घट्ट आहे.

आता अडचण अशी, की भोकं बदलायला प्रत्येक वेळी टोकदार हत्यार लागतं. फरक तीन मिलिमीटरच्या आत असेल, तर दुपारच्या मापाला बसवून सकाळचा थोडा सैलपणा सोसता येतो. त्याहून जास्त असेल तर हत्याराशिवाय सरकणारं लॉक घ्या. रोलेक्सच्या सबमरीनरचं ग्लाइडलॉक दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्यांनी एकूण सुमारे 20 मिलिमीटर सरकतं. त्याच तत्त्वावर चालणारी सुटी लॉक आता कितीतरी स्वस्त मिळतात. घेताना चेनची लॉकजवळची रुंदी मोजा. घड्याळाकडे चेन 22 मिलिमीटरची असली तरी लॉकपाशी ती 20 किंवा 18 पर्यंत निमुळती झालेली असते, आणि बसायचं ते याच मापावर. आमच्या मते दमट किनाऱ्यावर राहणाऱ्याने डायव्हर घड्याळावर पुढचा पैसा खर्च करायचा तर तो याच भागावर करावा. नवी काच, नवं बेझेल (काचेभोवतीचं फिरणारं कडं) हे सगळं नंतर.

कड्या काढताना कडीच्या आतल्या बाजूला बाण कोरलेला असतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि बसवताना उलट दिशेने आत घालायची. सेकोच्या बऱ्याच चेनमध्ये पिनबरोबर मधल्या कडीत एक बारीक नळी असते. ती टाचणीच्या डोक्याहून फारशी मोठी नसते आणि पडली की सापडत नाही. म्हणून काम ताटात पांढरा रुमाल पसरून करा. नळी न बसवता पिन घातली तर ती धरत नाही, आणि काही दिवसांत चेन हातातून सुटते. स्क्रूच्या कड्यांना कारखान्यात चिकटद्रव लावलेला असतो. जोर करून स्क्रूची खाच बिघडवण्याआधी केस वाळवायच्या ड्रायरने कडी मिनिटभर गरम करा, मग फिरवा. परत बसवताना निळ्या प्रकारचा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकटद्रव, अगदी थेंबभर लावा.

घड्याळ बाहेरच्या बाजूला लोळतं

चेन बरोबर असूनही घड्याळ करंगळीच्या बाजूला कलत असेल, तर दोन गोष्टी तपासा.

पहिली, लॉक कुठे बसतं. तळहात वर करून पाहा. लॉकचा मध्य मनगटाच्या मध्यावर यायला हवा. डाव्या हातात घातलेल्या घड्याळात सहाच्या आकड्याकडची बाजू अंगठ्याकडे येते आणि बाराच्या आकड्याकडची करंगळीकडे. लॉक अंगठ्याकडे सरकलेलं असेल, तर बाराच्या बाजूची एक कडी काढून सहाच्या बाजूला लावा. करंगळीकडे असेल तर उलट करा. चेनची लांबी तीच राहते, पण घड्याळ जागेवर येतं. ही एक कडी हलवायला दहा मिनिटं लागतात आणि अनेकांची तक्रार इथेच संपते.

दुसरी, लगचं अंतर. पट्टा जोडायला घड्याळाच्या बॉडीला जी चार टोकं असतात त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर घड्याळाच्या व्यासापेक्षा जास्त महत्त्वाचं. सेकोचं एसकेएक्स 007 व्यासाने 42 मिलिमीटरच्या वर आहे, पण लग ते लग ते सुमारे 46 मिलिमीटरच आहे, म्हणून बारीक मनगटावरही सहज बसतं. 40 मिलिमीटर व्यासाचं पण 50 मिलिमीटर लग असलेलं घड्याळ त्याच हातावर पुलासारखं दोन्हीकडे अधांतरी राहतं. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी मोजायची तर हात टेबलावर ठेवा, दोन पेन्सिली मनगटाच्या दोन्ही बाजूंना उभ्या टेकवा आणि मधलं अंतर पाहा. लगचं अंतर या रुंदीच्या आत असायला हवं.

चेनच्या पहिल्या कडीकडेही लक्ष द्या. काही चेनमध्ये ही कडी लगच्या पुढे ताठ येते आणि मगच खाली वळते. तिथे घड्याळाची खरी लांबी दोन्ही बाजूंना काही मिलिमीटरने वाढते. त्याच घड्याळाला रबरी पट्टा लावला तर तो लगपासून थेट खाली वळतो. चेनवर मोठं वाटणारं घड्याळ रबरावर बरोबर बसण्याचं कारण हेच.

वजनाचं म्हणाल तर स्टीलची चेन असलेलं डायव्हर दीडशे ग्रॅमच्या आसपास सहज जातं. चेन काढून रबर लावलं की एकूण वजन घटतं, पण खालचा तोलही जातो आणि जाड बॉडी जास्त लोळते. म्हणून 13-14 मिलिमीटर जाडीचं घड्याळ पातळ नायलॉनच्या पट्ट्यावर घालू नका. दोनदा मागून जाणारा नाटो पट्टा तर बॉडीखाली आणखी थर घालतो, आणि पावसात भिजला की संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो. टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडी जास्त आहे. सारखंच लोळत असेल तर पुढचं घड्याळ त्या धातूचं घ्या.

चावी हाताच्या पाठीत रुतते

स्कूटर किंवा मोटारसायकल चालवताना मनगट मागे वाकतं, आणि तीनच्या आकड्यावरची, वेळ लावायची चावी पंजाच्या पाठीत घुसते. घड्याळ हाडाच्या मागे बसवलं की बहुतेकांचा त्रास जातो. तरीही राहिला तर चावीची जागा पाहून घड्याळ निवडा. सेकोच्या डायव्हरमध्ये चावी बहुधा चारच्या आकड्याजवळ असते, आणि सिटिझनच्या प्रोमास्टर एनवाय 0040 मध्ये आठच्या आकड्याजवळ, म्हणजे डाव्या हातात कोपराच्या बाजूला. चावी दुखते म्हणून कोणी ती अर्धवट उघडी ठेवत असेल तर ते लगेच थांबवा. फिरवून घट्ट करायची स्क्रूची चावी पूर्ण बसली नसेल, तर 200 मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुतानाही पाणी घेऊ शकतं.

रबरी पट्ट्याची भोकं

रबरी पट्ट्यात भोकांमधलं अंतर बहुधा सहा-सात मिलिमीटर असतं. तीन मिलिमीटरचा फरक त्यात कसा मिटणार? जवळजवळ भोकं असलेला पट्टा निवडा, किंवा लवचिक विणलेला एकपदरी पट्टा घ्या. तो मनगटाबरोबर ताणतो आणि आक्रसतो, शिवाय लवकर वाळतो.

पदार्थही पाहा. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, दमट उष्णतेत पाण्यामुळेच हळूहळू विघटित होतं: आधी चिकट होतं, मग तडकतं. कपाटात न वापरता ठेवलेला पट्टाही तसाच जातो, म्हणून तो जुना साठा म्हणून स्वस्तात घेऊ नका. सिलिकॉन टिकतं, पण धूळ आणि कपड्यांचा धागा ओढतं. एफकेएम रबर महाग आहे, पण घाम, तेल आणि सनस्क्रीनला दाद देत नाही. इथे वर्षभर वापरायला तेच घ्यावं. डीईईटी असलेलं डास पळवायचं औषध काही प्लॅस्टिक विरघळवतं, म्हणून ते लावल्यावर हात कोरडे झाल्याशिवाय घड्याळ घालू नका. चामड्याचा पट्टा डायव्हरला लावायचाच असेल तर जानेवारीत लावा. जुलैत त्यावर बुरशी धरते.

खाज, पुरळ, काळपट वण

आधी जागा पाहा. पुरळ पूर्ण पट्ट्याखाली असेल तर बहुधा अडकलेला घाम आणि साबण कारण आहे. बकल किंवा लॉकच्या नेमक्या आकाराचं पुरळ असेल तर निकेलचा संशय घ्या. 316एल स्टीलमध्ये 10 ते 14 टक्के निकेल असतं, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं आणि फार कमी सुटतं. स्वस्त बकल आणि स्प्रिंग बारच्या मिश्रधातूचं तसं नाही. डायमिथिलग्लायऑक्झीमची चाचणी मिळते: कापसाच्या बोळ्यावर थेंब घेऊन धातूवर घासायचं, गुलाबी रंग आला तर निकेल सुटतंय. मग तेवढंच बकल बदला, घड्याळ बदलायची गरज नाही.

मार्च ते मेमध्ये आणखी एक कारण असतं आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काजूच्या बियांच्या सालीतलं तेल कातडी जाळतं, आणि आंब्याचा चीकही. बोंडू गोळा करताना किंवा आंबे उतरवताना हे पट्ट्याखाली गेलं की तिथे अडकून राहतं, आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसले की दोष घड्याळावर येतो. अशा कामाला घड्याळ घरी ठेवा. लागलंच तर पट्टा काढून साबणाने धुवा. बोंडूच्या रसाचा डाग नायलॉनवरून जात नाही.

पुरळ आल्यावर घड्याळ दुसऱ्या हातात घालणं हा उपाय नाही. कातडी बरी होईपर्यंत दोन्ही हात मोकळे ठेवा. आठवड्यात फरक पडला नाही किंवा पाणी सुटू लागलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

समुद्रात गेल्यावर

ग्रान्दे बेटाजवळ डायव्हिंगला जाताना सूट घालणार असाल, तर पट्टा सूटवर बांधायचा की उघड्या मनगटावर, हे आधी ठरवा. सूटचं निओप्रीन वायूच्या बुडबुड्यांचं असतं. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कापड दाबलं जातं, त्यामुळे वर घट्ट बांधलेला पट्टा खाली सैल पडतो. घडीदार, लाटांसारख्या वळ्या असलेले डायव्हिंगचे रबरी पट्टे ओढून बांधायचे ते यासाठीच. लॉकमधला उलगडणारा वाढीव तुकडा मात्र ठरावीक लांबीचाच असतो, खाली गेल्यावर तो आपोआप आवळत नाही. ज्याला डायव्हिंग करायचंच नाही, त्याच्यासाठी हा तुकडा म्हणजे लॉकची फुकट जाडी आहे.

किनाऱ्यावरून परतल्यावर चावी बंद असल्याची खात्री करून घड्याळ गोड्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पाण्यातच बेझेल दोन-तीन फेरे फिरवा, म्हणजे खाली अडकलेली रेती निघते. भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब आणि मऊ दातब्रश चेनच्या कड्यांमधून फिरवा. मीठ आणि घामाचा चिखल तिथेच साठतो, आणि त्यातूनच कडी कुरकुरते आणि लव ओढते. बेझेल अडकलं असेल तर पुन्हा भिजवा, फटीतून दातांचा धागा फिरवा. चाकू घालून उचकटू नका, आतली पातळ स्प्रिंग वाकते.

स्प्रिंग बार वर्षातून एकदा बदलाच. आयएसओ 6425 या डायव्हर घड्याळांच्या मानकात पट्टा आणि त्याची जोडणी 200 न्यूटन, म्हणजे सुमारे 20 किलोचा ताण सोसेल अशी अट आहे, पण गंजलेल्या टोकाच्या स्प्रिंग बारला ती लागू पडत नाही. बार काढून पाहा: टोकावर तांबूस डाग किंवा खड्डा दिसला, दाबल्यावर टोक अडकलं, तर टाकून द्या. नवा घेताना लांबी एकाच बाजूच्या दोन लगमधल्या अंतराएवढी घ्या आणि जाडीही तपासा. सेकोच्या अनेक डायव्हरना 2.5 मिलिमीटर जाडीचा बार लागतो, आणि दुकानात सहज मिळणारा 1.5 किंवा 1.8 चा तिथे बसला तरी पट्टा डुगडुगतो.

काचेवर धुकं

एसी बँकेतून बाहेर उन्हात आलात आणि काच धुरकटली, तर बोटाने पुसा. पुसलं गेलं तर दव बाहेरचं आहे, काळजी नको. पुसलं जात नसेल तर ओल आत आहे. शंका असेल तर घड्याळ हातावर चांगलं गरम होऊ द्या, काचेवर थंड पाण्याचा मोठा थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. थेंबाच्या जागी आतून धुकं दिसलं तर चावी उघडून उन्हात वाळवत बसू नका, आतलं तेल आणि तबकडी बिघडते. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, झाकण उघडून वाळवून घ्या, रबराच्या रिंगा बदला आणि दाबाची चाचणी करून मागा. चाचणीचं यंत्र नसलेल्या दुकानात पाठीमागचं झाकण उघडू देऊ नका, मग ते फक्त बॅटरी बदलण्यासाठी का असेना.